मोऱ्याच्या जोडीला देवीलाल

उमरखेडहून पुसदच्या रस्त्यानं निघालं की टेकडीच्या पोटाशी एक तांडा लागत असे. देवीलाल त्या तांड्यातला. त्याच्या आज्यानं पाठीवर गोण्या लादलेले बैल घेऊन मुलूखभर मीठ आणि धान्य फिरवलं होतं. बापानं बैलगाडी केली, वावर केलं आणि गावोगावचा कापूस सरकी काढायच्या जिनात पोचवला. देवीलाल म्हणे, "आमच्या तीन पिढ्यायनं माल पोचवला. रस्त्यात माणूस पाडणारा त्यायच्यात म्याच एक निघालो."

हे तो हसत सांगे. पण ऐकणारा हसू लागला की त्याचं स्वतःचं हसू जरा आखडत असे.

एकोणीसशे छप्पन सालापर्यंत देवीलाल गाडीच हाकत होता. त्याची बैलजोडी नामी होती. जिनात कापूस उतरवला की परतीच्या वाटेवर नाल्याकाठी मोहाची दारू मिळायची. देवीलाल ती पोटभर पिऊन रिकाम्या गाडीत आडवा व्हायचा. कासरा सुटलेला, तोंड उघडं, आणि बैल आपले रस्त्याच्या कडेकडेनं चालताहेत. समोरून मोटार आली तर बाजूला होत, तांड्याचा फाटा आला की वळत आणि थेट अंगणात येऊन उभे राहत. बायको जमनी बाहेर येऊन बैल सोडी, त्यांना पाणी दाखवी, आणि नवऱ्याला तसाच गाडीत पडू देई.

सकाळी उठून देवीलाल तांड्याच्या नायकासमोर छाती काढून सांगायचा, "इतके वर्षं गाडी हाकून राह्यलो, माह्या चाकाखाली अजून कोंबडी आली नाई."

यात आपला वाटा किती आणि बैलांचा किती, हे त्यानं कधी वेगळं काढून पाहिलं नाही.

पुढं उमरखेडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्यानं जुनी लॉरी घेतली. देवीलाल आधी तिच्यावर हमाल म्हणून चढला, मग क्लीनर झाला, आणि दोन हंगामांत लायसन काढून ड्रायव्हर झाला. तांड्यात याआधी कुणी लॉरी चालवली नव्हती. त्या दिवशी तो खाकी सदरा घालून घरोघर फिरला. म्हाताऱ्या याडीनं, म्हणजे आईनं, त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. जमनीनं मात्र लायसन उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, "रस्ता त बैलायले माहीत होता. हा कागद तुमाले कसा काय भेटला?"

देवीलालला राग आला. पण बाहेर चार बाया लॉरीला हात लावून पाहत होत्या आणि त्याला तिकडं जायची घाई होती.

ड्रायव्हर झाला तरी नाल्याकाठचा थांबा काही सुटला नाही. उलट आता त्याला प्रतिष्ठा आली. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे झोपडीच्या मागच्या बाजूला बसून प्यावं लागे. पण ड्रायव्हर आला म्हटल्यावर खाट पुढं सरकवली जाई. देवीलालचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं. इंजिनात पेट्रोल आणि ड्रायव्हरात पहिल्या धारेची पडली म्हणजे गाडी हलकी चालते, असं तो म्हणे. एकदा त्यानं मैलाचा दगड पाडला, एकदा कुणाच्या तरी कुंपणाची काटेरी फांदी घरापर्यंत ओढत आणली. दोन्ही वेळा त्यानं दोष रस्त्याला दिला. रस्ता सरकारी होता, तो काही उलटून बोलणार नव्हता.

एकसष्ट सालच्या फाल्गुनात होळी तोंडावर आली होती. क्लीनर सणाला घरी गेला होता, म्हणून देवीलाल एकटाच पुसदला कापूस उतरवून परत निघाला. दुपारची वेळ, उन्हाची तिरीप काचेतून मांडीवर पडलेली, आणि पोटात नेहमीपेक्षा जरा जास्तच. सणाचा म्हणून एक जास्तीचा गिलास झोपडीवाल्यानं प्रेमानं दिला होता.

त्याला झोप कधी लागली ते कळलं नाही. झोपेत तो बैलगाडीत होता, एवढं त्याला पक्कं आठवतं. मस्त हिंदकळत चालला होता. बैल चालताहेत, म्हणजे काळजी नाही.

चिंचोलीच्या वळणावर रस्ता वळला आणि लॉरी वळली नाही.

कसल्याशा ओरडण्यानं देवीलालचे डोळे उघडले. पुढ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी भरलेली बैलगाडी होती आणि तिच्यावरचा माणूस दोन्ही हात वर करून ओरडत होता. ब्रेकवर पाय ठेवायचा, हे देवीलालला सुचलंच नाही. त्यानं दोन्ही हातांनी स्टेअरिंग कासऱ्यासारखं छातीशी ओढलं आणि घसा फाडून तो म्हणाला, "हो रे, हो, हो!"

लॉरीला ती भाषा येत नव्हती. ती उजव्या बैलाला घेऊन गेली, गाडी कलंडवली आणि पुढं नालीत तोंड घालून थांबली.

देवीलालच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं, बाकी काही नव्हतं. तो खाली उतरला. उजवा बैल रस्त्यावर पडला होता. कबरा, भरलेल्या अंगाचा बैल. त्याचे डोळे उघडे होते, पण पोट हलत नव्हतं. डावा बैल मानेत तुटकं जुपणं घेऊन बाजूला उभा राहून थरथरत होता. पऱ्हाट्या सगळीकडं पसरल्या होत्या आणि त्यांच्यात कमरेपर्यंत बुडालेला गाडीवाला कण्हत होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली जिथं वाकू नये तिथं वाकला होता.

पुढं लोकांनी देवीलालला पुष्कळदा विचारलं, तू पळाला काहून नाहीस? ड्रायव्हर लोक पळतात. कुणाला वाटे, माणूस मोठा दिलाचा. देवीलाल खरं ते सांगे. तो पळाला होता. वावराच्या दिशेनं चार ढेंगा टाकल्या, पाय एकमेकांत अडकले आणि तो नालीत तोंडावर पडला. "पळाले बी शुद्ध लागते, बापू," तो म्हणे.

नालीतून तो उठत होता तेव्हा मागून आवाज आला. "ओ ड्रायवर. उठून राह्यले त इकडेच या. मले एकट्याले ह्या पऱ्हाट्या निघत नाईत."

आवाजात शिवी नव्हती. देवीलाल सांगे, शिवी असती तर तो दुसऱ्यांदा पळाला असता.

गाडीवाला नागोराव, चिंचोलीचा शेतकरी. देवीलालनं पऱ्हाट्या उपसून त्याला मोकळं केलं. स्वतःचं पागोटं फाडून, चार काड्या लावून पाय बांधला. बैलाचे पाय त्यानं पुष्कळ बांधले होते, तेवढं हाताला येत होतं. नागोरावनं त्या वेळी एकदाच ओठ चावला. मग मेलेल्या बैलाकडं पाहिलं आणि म्हणाला, "कबऱ्या गेला का?"

"हाव, पाटील."

"वासरू होतं तवापासून हाय माह्यापाशी."

लॉरी निघण्यासारखी नव्हती. एस.टी. संध्याकाळी येणार. उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं आणि बांधलेल्या पागोट्यातून रक्त पाझरत होतं. बैलगाडीची चाकं शाबूत होती. देवीलालनं खांदा लावून ती सरळ केली, तळाला पऱ्हाट्यांचा बिछाना केला आणि नागोरावला वर निजवलं. डावा बैल मोऱ्या, त्याला जुंपलं. आता जूचं उजवं टोक मोकळं राहिलं.

देवीलाल त्या टोकाकडं पाहत उभा राहिला. दारू अजून डोक्यात होती, त्यामुळे उपाय सुचायला वेळ लागला. पण दारू डोक्यात होती म्हणूनच तो उपाय करायची लाजही वाटली नाही. त्यानं बाह्या वर सारल्या, खाली वाकला आणि जू खांद्यावर घेतलं.

मोऱ्यानं मान वळवून त्याला हुंगलं, फुर्रकन नाक झाडलं आणि तोंड फिरवलं.

"त्याले वास सहन होत नाई," नागोराव मागून म्हणाला. "तोंड तिकडे कर."

गाडी निघाली. उमरखेड तिथून दोनेक कोस असेल. मोऱ्या उंच, देवीलाल बुटका, त्यामुळे जू तिरपं झालं आणि गाडी सारखी उजवीकडं ओढू लागली. नागोराव पडल्या पडल्या एका हातानं कासरा धरून होता. दुखणं विसरायला म्हणा की सवयीनं म्हणा, तो हाकत होता.

"मोऱ्या, हळू. तो नवा हाय." थोड्या वेळानं, "ड्रायवर, पाय घासत चालू नका. बैल बिचकते."

"पाटील, खांदा सोलून निघाला."

"निघतेच. त्याचाबी निघते. तो बोलत नाई येवढंच."

अर्ध्या वाटेवर देवीलालला ओकारी आली. गाडी थांबली. मोऱ्या शांतपणे उभा राहिला. ओकून झाल्यावर तोंड पुसत देवीलालनं पुन्हा जू उचललं आणि त्या क्षणी पहिल्यांदा त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण मेलेल्या बैलाच्या जागेवर उभे आहोत. त्याच्या जागी नागोराव मेला असता, नागोरावच्या शेजारी बायको-पोर बसलेली असती, तर त्या जागेवर कुणाला उभं करता आलं असतं? त्याला रडू आलं. दोन्ही हात जुवाला गुंतलेले, त्यामुळे डोळेही पुसता येईनात.

"रडाचं मग," नागोराव म्हणाला. "आधी दवाखाना."

त्या दिवशी उमरखेडचा बाजार होता. एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला खाकी सदऱ्यातला ड्रायव्हर, अशी गाडी गावात शिरली तेव्हा आधी लोकांना होळीचं सोंग वाटलं. पोरं मागं लागली. बैलबाजारातल्या एका दलालानं गंभीर तोंड करून हाक मारली, "उजव्याचे दात दाखवा बरं. दुदाती हाय का चौदाती?" सगळा बाजार हसला. मग कुणीतरी गाडीत डोकावून रक्त पाहिलं आणि हसणं एकदम थांबलं. चार माणसं धावली. त्यांनी देवीलालच्या खांद्यावरचं जू काढलं, पण त्याची मान तशीच तिरपी राहिली. ती सरळ व्हायला दोन-तीन दिवस लागले.

दवाखान्यात पोलीस आले. हवालदारानं विचारलं, "लॉरीचा ड्रायवर कुठं हाय?" गाडीला रेलून उभ्या असलेल्या देवीलालनं हात वर केला.

खटला झाला. देवीलालनं गुन्हा कबूल केला. लायसन गेलं, दोन महिने तुरुंगात काढावे लागले, सेठनं नोकरीवरून काढलं. तो परत आला तेव्हा मृगाला थोडेच दिवस उरले होते. नागोरावचा पाय जुळला होता, पण आखूड जुळला होता. जन्मभर तो लंगडतच चालणार होता. घरात बायको मैनाबाई आणि इंदू नावाची मुलगी, आणि गोठ्यात एकटा मोऱ्या.

जमनीनं नवऱ्याला फार बोल लावला नाही. ती फक्त दोन दिवस गोठ्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "आपल्यातला चांगला कोणता?"

"उजवा."

"मग उजवाच न्या. वाईट देऊन पुन्हा तोंड कायले काळं करता?"

बैल घेऊन देवीलाल चिंचोलीला गेला. मैनाबाईनं दारातूनच त्याला ओळखलं आणि आत निघून गेली. ती पुढं किती तरी दिवस त्याच्याशी बोलली नाही. पाणी द्यायची, पण तांब्या ओट्यावर आदळून. देवीलालनं त्या साली नागोरावचं वावर पेरलं, डवरलं, कापूस वेचायला जमनीला आणि तिच्या बहिणीला आणलं. उरलेल्या बैलाला तांड्यातला एखादा बैल मागून जोडून आपल्या वावराचं काम सकाळी उरकून तो इकडं येई. नागोराव बांधावर काठी टेकून बसे आणि चुका काढी. देवीलाल म्हणे, "दोन बैल अन् म्या, तिघायलेही तोच हाकत होता. शिव्या मात्र मलेच पडत."

पहिल्या वर्षीच्या कापसानंतर एकदा मैनाबाईनं तांब्या हळू ठेवला. देवीलालला तो इतका मोठा प्रसंग वाटला की तो पाणी प्यायचंच विसरला.

दारू एकदम सुटली, असं तो कधी म्हणाला नाही. होळीला तो प्यायचा, लेंगीची गाणी गायचा आणि अंगणात पडायचा. पण काही वर्षांनी लायसन परत मिळालं, दुसऱ्या एका मालकाची लॉरी हाताशी आली, तेव्हा त्यानं एक नेम केला. गाडीवर बसायच्या दिवशी नाही आणि आदल्या संध्याकाळीही नाही. या नेमावर त्याचा स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून घरातून निघताना तो जमनीपुढं तोंड उघडून उभा राही. ती वास घेऊन "जा" म्हणे. तांड्यातले लोक हसत. एवढा मोठा ड्रायव्हर आणि बायको त्याचं तोंड हुंगते. देवीलाल म्हणे, "हसा. सरकारनं माह्यं लायसन एकडाव पाह्यलं. हे रोज पाह्यते."

पासष्टच्या सुमारास नागोरावच्या इंदूचं लग्न ठरलं. मुलगा कळंबकडचा. वऱ्हाड लॉरीतून आलं. लॉरी नवरदेवाच्या आतेभावाची होती, तोच चालवणारा. त्याचं नाव घनश्याम. अंगानं दांडगा, बोलायला गोड. लग्न सकाळचं, दुपारी पंगती, आणि ऊन कलायच्या आत वऱ्हाड नवरी घेऊन परत निघणार होतं.

देवीलाल पंगतीत वरण वाढत होता. वाढता वाढता त्याला दिसलं की ड्रायव्हरचं पान रिकामं आहे. तो गोठ्यामागं गेला. घनश्याम दोन वऱ्हाड्यांबरोबर बसला होता आणि बाटली तळाला आली होती.

"भाऊ, आज इथंच राहा," देवीलाल म्हणाला. "सकाळी जा. रस्ता वळणावळणाचा हाय, मागं लेकरं बसतीन."

घनश्याम हसला. "मामा, म्या डोळे झाकून कळंब गाठतो."

"म्याबी तसाच चालवत होतो. डोळे झाकून. म्हणून त सांगून राह्यलो."

घनश्यामनं त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि विषय संपवला. देवीलाल नवरदेवाच्या बापाकडं, सदाशिवरावांकडं गेला. ते पानाला चुना लावत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि नागोरावला विचारलं, "हे कोण? आमच्या भाच्याचं तोंड हुंगाले ठेवले का?"

नागोराव लाजून लाल झाला. देवीलालला बाजूला घेऊन तो दबक्या आवाजात म्हणाला, "गप राह्य. माह्या पोरीचं लगन हाय. व्याह्यायपुढे मले खाली पाह्याले लावू नको."

लॉरीत सतरंज्या पसरल्या गेल्या. पोरं चढली, बायका चढल्या, मग रडत रडत इंदू चढली. घनश्याम इंजिनापुढं आला. लॉरी जुनी, हँडल मारल्याशिवाय सुरू होत नसे. त्यानं हँडल भोकात घालायला पाहिलं, ते बाजूला गेलं. पुन्हा घातलं, हातातून पडलं. वऱ्हाडी हसले.

देवीलाल पुढं झाला. अगदी नम्रपणे म्हणाला, "द्या इकडे. म्या मारतो."

घनश्यामनं खुशीनं हँडल दिलं आणि तो वर चढून बसला. देवीलालनं हँडल हातात घेतलं, दोनदा तोलून पाहिलं, आणि लॉरीकडं पाठ करून चालू लागला. कुणाच्या लक्षात यायच्या आत तो परसातल्या विहिरीपाशी पोचला. खालून डुबुक असा आवाज आला.

पुढं जे झालं त्यात देवीलालच्या सदऱ्याची बाही गेली. कुणीतरी कानशिलातही लगावली. सदाशिवराव म्हणाले की ही सोयरीक करून आपण चूक केली. नागोराव काठी आपटत देवीलालला म्हणाला, "पाय घेतला, बैल घेतला, आता अब्रूबी घे."

देवीलाल विहिरीच्या काठावर बसून राहिला. शेवटी मैनाबाईच पुढं आली. तिनं लॉरीत डोकावून इंदूचा हात धरला आणि तिला खाली उतरवलं. "चाला, उतरा सगळे. लेकरं उन्हानं सुकली. म्या चूल पेटवतो," ती म्हणाली, आणि कुणाचं उत्तर न ऐकता आत गेली. तोवर घनश्याम स्टेअरिंगवर डोकं ठेवून घोरू लागला होता. त्याला उतरवायला चार जण लागले.

सकाळी हँडल काढायचं काम अर्थातच देवीलालकडं आलं. उन्हाळ्यामुळे विहिरीत छातीएवढंच पाणी होतं, पण तळाला गाळ होता. तो खाली उतरला, बुडी मारली आणि एक तुटकी बादली घेऊन वर आला. दुसऱ्यांदा पितळेची चेपलेली घागर निघाली. वर बायकांत गलका झाला. ती मैनाबाईची, दोन वर्षांपूर्वी दोर तुटून पडलेली. त्यानंतर गाळानं माखलेलं हँडल वर आलं. सदाशिवरावांनी ते धोतराच्या सोग्यानंही न पुसता भाच्याच्या हातात दिलं.

घनश्यामचे डोळे सुजले होते, पण हात स्थिर होते. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. इंदू मागं वळून पाहत राहिली. लॉरी वेशीबाहेर गेली, चिंचोलीच्या वळणावर व्यवस्थित वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

आठ दिवसांनी निरोप आला की पोरगी सुखरूप पोचली. नागोरावनं तो ओसरीवर बसून देवीलालला सांगितला, आणि वर म्हणाला, "येवढा तमाशा केला तू. लोक त आरामात गेले."

"हाव, पाटील," देवीलाल म्हणाला. "फुकटच गेला माहा तमाशा."

आत मैनाबाई चिंच लावून घागर घासत होती. तिनं तिथूनच विचारलं, "चहा दोघायले ठेवू का?"